पूरग्रस्तांसाठी ऑनलाइन हर्रास: पहिल्या बोलीपासून शेवटच्या हिशोबापर्यंत

पुराच्या पहिल्या आठवड्यात हर्रास, म्हणजे लिलाव, करू नका. घरात पाणी शिरलेलं असताना शिजलेलं अन्न, पिण्याचं पाणी, ताडपत्री आणि औषधं लागतात, आणि त्यासाठी सरळ वर्गणीच करावी. वस्तू गोळा करणं, फोटो, बोली, वसुली हे सगळं धरून हर्राशीचे पैसे हाती यायला तीन ते चार आठवडे जातात. मात्र तेवढ्यात मदतीचे टेम्पो थांबलेले असतात आणि खरा खर्च सुरू झालेला असतो. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यात नुसती उभी पिकंच गेली नाहीत. जमिनी खरवडून गेल्या, विहिरी गाळाने भरल्या, दावणीची जनावरं वाहून गेली. हे नुकसान एका हंगामात भरून येत नाही. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतरचं पुनर्वसनही वर्षानुवर्षं चाललं होतं. हर्राशीचा पैसा या दुसऱ्या टप्प्यासाठी ठेवावा.

आधी ठरवा: पैसा कुणाला आणि कशाला

"पूरग्रस्तांना मदत" एवढंच लिहून बोली चढत नाही. गाव, काम आणि रक्कम ठरवून सांगितली की चढते. उदाहरणार्थ, मोठ्या जनावराला रोज साधारण ६ किलो कोरडा चारा धरला, तर ४० जनावरं तीन महिने जगवायला २१,६०० किलो, म्हणजे जवळपास २२ टन कडबा लागतो. त्याला तुमच्या तालुक्यातला भाव आणि वाहतूक लावा, की उद्दिष्ट तयार झालं.

सरकारी मदत कुठे पोचते आणि कुठे पोचत नाही, हे तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवकांना भेटून समजून घ्या. मदत पंचनाम्यावर चालते आणि पंचनामा सातबाऱ्यावर. बटईने कसणारा, ऊसतोडीला जाणारा भूमिहीन, गायरानावरचं घर, यांचं नुकसान कागदावर येताना अडकतं. जनावराचंही तसंच आहे. आपत्ती निधीच्या २०२२ ते २०२६ या काळाच्या निकषांत दुभत्या गाय-म्हशीमागे ३७,५०० रुपये धरले होते, आणि चांगल्या दुभत्या म्हशीला बाजारात त्याहून बरेच जास्त मोजावे लागतात. मधली ही तूट भरून काढण्यासाठी हर्रास करा. लाभार्थ्यांची यादी बोली सुरू होण्याआधी तयार हवी आणि ती गावातल्या किमान तीन वेगवेगळ्या आळींतल्या माणसांनी पाहिलेली हवी. पैसे आल्यावर यादी करायला बसलात, की सोयरेधायरे आधी येतात.

खातं आणि परवानगी

कुणाच्याही वैयक्तिक खात्यावर किंवा वैयक्तिक क्यूआरवर एक रुपयाही घेऊ नका, मग तो माणूस कितीही सचोटीचा असो. अनोळखी लोकांकडून भराभर रकमा आल्या आणि त्यातल्या एकीवर सायबर तक्रार असली, तर बँक खातं गोठवू शकते. मग मदतही अडकते आणि त्या माणसाचा पगारही. शिवाय त्याच्या आयकराच्या हिशोबात ती रक्कम दिसत राहते.

सरळ वाट म्हणजे जिल्ह्यातल्या एखाद्या नोंदणीकृत ट्रस्टला सोबत घेणं. ट्रस्टचा नोंदणी क्रमांक, पॅन आणि मागच्या वर्षाचा ऑडिट अहवाल मागून पाहा. हर्राशीसाठी त्यांचं वेगळं खातं असलं तर उत्तम. ते नसेल तर निदान वेगळी खतावणी हवी. तुमचं मंडळ नोंदणीकृत ट्रस्ट नसेल आणि तरीही पैसे स्वतःच गोळा करायचे असतील, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१-सी प्रमाणे धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळं वर्गणीसाठी घेतात तीच ही परवानगी. अर्जाला लागणारे दिवस वेळापत्रकात धरा.

तीन गोष्टी जाहिरातीआधीच स्पष्ट करून घ्या. पहिली: बोली जिंकून वस्तू घेणाऱ्याला देणगीवरची आयकर सवलत मिळेल असं आश्वासन देऊ नका, कारण त्या पैशाच्या बदल्यात त्याला वस्तू मिळते. वस्तू दान करणाऱ्यालाही ती मिळत नाही. ही सवलत फक्त पैशाच्या दानाला आहे. दुसरी: परदेशातले सोयरे. भाचा अमेरिकेत असून भारतीय पासपोर्टवर असेल, तर त्याने स्वतःच्या कमाईतून दिलेला पैसा परकीय योगदान ठरत नाही. तिथलं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड असूनही ठरतो, आणि त्यासाठी ट्रस्टकडे परकीय योगदानाची वेगळी नोंदणी लागते. ती नसेल तर अशा बोली घेऊच नका. तिसरी: जीएसटीचा प्रश्न ट्रस्टच्या सीएला आधी विचारा. ट्रस्टची जीएसटी नोंदणी असेल, तर वस्तूंच्या विक्रीवर कर लागू शकतो.

आणखी एक गोष्ट कटाक्षाने टाळा. "१०० रुपयांचं कूपन घ्या आणि सोडतीत पैठणी जिंका" ही कल्पना प्रत्येक बैठकीत कुणीतरी काढतंच. ती हर्रास नाही, लॉटरी आहे, आणि परवानगीशिवाय लॉटरी चालवणं गुन्हा आहे.

वस्तू कोणत्या घ्याव्यात

पहिल्या वेळी ३० ते ४० वस्तू पुरेत. त्याहून जास्त झाल्या की बोली विखुरतात, आणि पाठवणी करणारी दोन माणसं महिनाभर खोकी बांधत बसतात.

घरातलं नकोसं सामान घेऊ नका. आपल्या भागाची ओळख असलेली वस्तू पुण्या-मुंबईत गेलेला मराठवाड्याचा माणूस मनापासून घेतो: पैठणी, हिमरूची शाल, घोंगडी, हाताने शिवलेली गोधडी, तांड्यावरचं बंजारा भरतकाम, वसमतची हळकुंडं. शेतमालात हळकुंडांसारखं टिकाऊ बघा. सीताफळ काढल्यावर दोन-तीन दिवसांत पिकतं, ते पार्सलने मुंबईला पाठवलं तर खोक्यात लगदा पोचतो. जालन्याची मोसंबी प्रवास सोसते. केसर आंब्याचा हंगाम नसेल, तर पुढच्या मे महिन्यातल्या पेटीचं कूपन हर्राशीला लावता येतं. मात्र गारपिटीने आंबा गेला तर पेटी मिळणार नाही, पैसे मदतनिधीतच राहतील, हे कूपनवर छापा.

विणकर किंवा भरतकाम करणारी बाई स्वतः हातावर पोट असलेली असते. तिच्याकडून वस्तू फुकट मागू नका. तिचा ठरलेला मोबदला तिला द्या, तेवढी राखीव किंमत (जिच्याखाली वस्तू द्यायची नाही) ठेवा आणि त्यावर चढेल ती रक्कम मदतीला घ्या. हे वर्णनातच लिहिलं की कुणी हरकत घेत नाही, उलट बोली वाढते.

सेवांनाही चांगली मागणी असते: ट्रॅक्टरची चार तासांची नांगरट, सीएकडून एका वर्षाचं विवरणपत्र, साखरपुड्याचे फोटो, अजिंठा-वेरूळची जाणकारासोबत सहल. सेवेच्या कूपनवर मुदत, हद्द आणि वरखर्च लिहिला नाही तर भांडण ठरलेलं. नांगरटीत डिझेल कुणाचं, ट्रॅक्टर किती किलोमीटरपर्यंत येणार, रब्बीच्या पेरणीआधी तारीख मिळणार की नंतर, हे आधी लिहून घ्या.

न घेण्याच्या वस्तू: दारू, औषधं, हरणाची शिंगं किंवा कातडं, जुन्या मूर्ती. निजामकाळातली नाणी लोक हमखास आणून देतात. १०० वर्षांहून जुनी वस्तू आणि ७५ वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखितं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतात, त्यांच्या विक्रीच्या धंद्याला परवाना लागतो. नम्रपणे परत करा. घरगुती लोणची-पापड घ्यायचे तर अन्नसुरक्षेची (एफएसएसएआय) नोंदणी असलेल्या बचत गटाकडूनच घ्या.

फोटो आणि वर्णन

प्रत्येक वस्तूचे चार फोटो: पूर्ण वस्तू, जवळून पोत, मागची बाजू, आणि दोष असेल तर तो. सकाळी नऊच्या सुमारास ओसरीवर, उन्हात नव्हे तर उजेडात, फ्लॅश न लावता काढा. शेजारी मोजपट्टी ठेवा. मागच्या बाजूचा फोटो कापडाच्या बाबतीत फार कामाचा. हातमागाच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखाच साफ दिसतो. हिमरूच्या मागे मात्र सुटे धागे असतात, ती त्या विणीची रीतच आहे. हे वर्णनात लिहिलं नाही, तर शाल मिळाल्यावर "खराब माल दिला" असा फोन येतो.

वर्णनात वस्तू क्रमांक, माप, वजन, नवी की वापरलेली, कुणी दिली (त्यांची परवानगी असेल तर), सुरुवातीची बोली, राखीव किंमत आहे का, आणि पार्सलचा अंदाजे खर्च एवढं हवं. "अस्सल" हा शब्द पावती किंवा विणकराची खात्री असेल तरच वापरा.

सुरुवातीची बोली बाजारभावाच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत ठेवा. जास्त ठेवली तर पहिला हात वर होत नाही, आणि पहिली बोली आल्याशिवाय दुसरी येत नाही.

बोली कुठे आणि कशी घ्यायची

बहुतेक हर्राशी इथेच फिसकटतात. व्हॉट्सॲप ग्रुपवर बोली घेणं सगळ्यात सोपं वाटतं आणि सगळ्यात जास्त वाद त्यातच होतात. रेंज नसलेल्या वस्तीवरून ७:५८ ला पाठवलेला मेसेज ८:०३ ला पोचतो. पाठवणाऱ्याच्या फोनवर एक वेळ दिसते, तुमच्या फोनवर दुसरीच. पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांपर्यंत बदलता येतो, म्हणजे ३,००० ची बोली नंतर ३,६०० होऊ शकते. सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, आणि भामट्याला तेवढंच पुरतं. तो सर्वात मोठी बोली लावणाऱ्याला परस्पर मेसेज करतो: "अभिनंदन, तुम्ही जिंकलात, या क्यूआरवर पैसे टाका."

म्हणून व्हॉट्सॲप फक्त घोषणांसाठी ठेवा, तेही कम्युनिटीचा घोषणा ग्रुप, कारण तिथे सभासदांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. बोली गूगल फॉर्मवर घ्या. फॉर्म सर्व्हरवर पोचला त्या क्षणाची सेकंदापर्यंतची नोंद आपोआप होते आणि तीच वेळ अंतिम, हा नियम आधीच जाहीर करा. शीटच्या फाईल मेनूतल्या सेटिंग्जमध्ये टाइम झोन कोलकाता आहे ना, हे पाहून घ्या. तो परदेशातला राहिला तर सगळ्या वेळा चुकीच्या दिसतात आणि ऐन वेळी कुणाला पटवून देता येत नाही.

फॉर्म छोटा ठेवा. वस्तू क्रमांक यादीतून निवडायचा, टाइप करायचा नाही. रकमेच्या रकान्यात फक्त आकडा चालेल अशी अट घाला, नाहीतर "५ हजार", "पाचशे वाढवा" असली उत्तरं येतात. तिसरा रकाना बोलीदार क्रमांकाचा आणि चौथा मोबाईलच्या शेवटच्या चार अंकांचा. बोलीदार क्रमांक आधी नोंदणी करून द्यायचा: नाव, मोबाईल, गाव आणि नियम मान्य असल्याची खूण. नोंदणी झाल्यावर त्या नंबरवर एकदा फोन करा. पाच मिनिटांचं हे काम खोट्या बोली जवळपास संपवून टाकतं.

आलेल्या बोली लोकांना दिसायला हव्यात, पण मूळ शीटची लिंक देऊ नका. मोबाईल नंबरचा रकाना लपवला तरी शीटची प्रत काढून तो उघडता येतो. वेगळी शीट करा, तिच्यात फक्त वस्तू, सर्वोच्च बोली, बोलीदार क्रमांक आणि वेळ. "वेबवर प्रकाशित करा" ही सोय दिवसभरासाठी ठीक आहे, पण ती काही मिनिटं मागे चालते. शेवटच्या तासात माणसानेच दर पाच मिनिटांनी घोषणा ग्रुपवर आकडे टाकावेत.

बोली किमान एवढ्या टप्प्याने वाढावी:

- १,००० रुपयांपर्यंत: ५०
- १,००० ते ५,०००: १००
- ५,००० ते २०,०००: ५००
- २०,००० च्या पुढे: १,०००

टप्पा ठेवला नाही तर शेवटी एकेका रुपयाने चढाओढ चालते आणि थकून दोघंही निघून जातात. १,५०० च्या जागी १५,००० टाइप होणं नेहमीचंच. म्हणून आधीच्या बोलीच्या तिपटीहून मोठी बोली आली, की फोनवर खात्री होईपर्यंत ती लोकांना दिसणाऱ्या शीटवर लावू नका.

बोलीचा कायदाही समजून घ्या. वस्तुविक्री अधिनियम, १९३० च्या कलम ६४ प्रमाणे सौदा पुरा झाल्याचं जाहीर होईपर्यंत बोलीदार आपली बोली मागे घेऊ शकतो. त्यामुळे "एकदा लावलेली बोली मागे घेता येणार नाही" हा नियम कागदावर कडक दिसला तरी टिकत नाही. मागे घेणाऱ्याला पुढच्या हर्राशीत क्रमांक देऊ नका, एवढं तुमच्या हातात आहे. सौदा कोणत्या क्षणी पुरा झाला हेही त्यामुळे स्पष्ट हवं. मोंढ्यात "एक वार, दोन वार, तीन वार" म्हणतात, इथे घोषणा ग्रुपवरचा "वस्तू १४, बोली बंद, बोलीदार ०४७, रुपये ६,५००" हा मेसेज तेच काम करतो. त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे: विकणाऱ्याने किंमत चढवायला आपल्याच माणसाकडून खोटी बोली लावली, तर घेणारा सौदा मोडू शकतो. "चांगल्या कामासाठी आहे, थोडं चढवू" हा मोह आयोजकांना होतो. नियमच करा: बोली नोंदवणाऱ्या आणि पैसे पाहणाऱ्या माणसांनी, त्यांच्या घरच्यांनीही, बोली लावायची नाही.

शेवटची संध्याकाळ

बोली सात दिवस चालू ठेवा आणि रविवारी संध्याकाळी बंद करा. पोळा, घटस्थापना, गावाची जत्रा, सोयाबीनच्या काढणीची धांदल टाळा. सगळ्या वस्तू एकाच वेळी बंद केल्या तर दोन वस्तूंवर डोळा असलेल्या माणसाला एक सोडावी लागते. ३६ वस्तू असतील तर सहा-सहाच्या सहा तुकड्या करा: पहिली साडेसातला, पुढच्या दर पंधरा मिनिटांनी. शेवटची पावणेनऊला संपते.

शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली तर त्या वस्तूची वेळ त्या बोलीपासून पाच मिनिटं पुढे जाते, आणि पाच मिनिटं शांत गेल्यावरच ती बंद होते. या वाढीला मर्यादा घालू नका. मर्यादा घातली, की सगळे त्या शेवटच्या सेकंदाची वाट पाहत बसतात आणि जलद इंटरनेटवाला शहरातला माणूस जिंकतो.

बोली नोंदवणारी दोन माणसं दोन वेगळ्या गावांत, दोन वेगळ्या कंपन्यांच्या सिमवर बसवा. पाऊस आला की एका तालुक्याची वीज आणि टॉवर सोबतच जातात. आयोजकांकडूनच पंधरा मिनिटांहून जास्त खंड पडला, तर उरलेल्या वस्तू दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, हेही नियमात लिहा. आदल्या दिवशी एका नारळाची सरावाची हर्रास घ्या. फॉर्म उघडत नाही, क्रमांक विसरला, रक्कम जात नाही, या सगळ्या अडचणी त्या नारळावर निघून जातात.

वसुली आणि पाठवणी

जिंकलेल्याला आधी जाहीर केलेल्या एकाच नंबरवरून मेसेज जाईल आणि पैसे भरताना ट्रस्टचंच नाव दिसेल, हे पहिल्या दिवसापासून सांगत राहा. मुदत ४८ तास. यूपीआयवर दिवसाला सहसा एक लाखाची मर्यादा असते, आणि नव्याने सुरू केलेल्या यूपीआयवर पहिल्या २४ तासांत पाच हजारांची. मोठ्या रकमेला बँक ट्रान्सफर सुचवा. पैसे आल्याची खात्री खात्याच्या नोंदीवरून करा, स्क्रीनशॉटवरून कधीच नाही. खोटे स्क्रीनशॉट बनवणारी ॲप आहेत. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा, पहिले काही तास मोलाचे असतात.

४८ तासांत पैसे आले नाहीत, तर दुसऱ्या बोलीदाराला त्याच्या स्वतःच्या बोलीच्या रकमेत वस्तू विचारा. तोही नाही म्हणाला तर वस्तू दात्याला परत द्या किंवा पुढच्या वेळेसाठी ठेवा. परस्पर कुणाला देऊ नका.

वस्तू शक्यतो दात्याच्या घरीच राहू द्या, पैसे जमा झाल्यावर उचला. पैठणी मलमलीत गुंडाळा, प्लॅस्टिकमध्ये ओल अडकून जरीच्या तारा काळ्या पडतात. गोधडी आणि घोंगडी दाबून बांधा, कारण कुरिअरवाले आकारमानाचंही वजन धरतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागायचं. ५० × ४० × ३० चं खोकं म्हणजे १२ किलोचा दर, आत गोधडी तीनच किलोची असली तरी.

हिशोब

हिशोब पंधरा दिवसांत त्याच ग्रुपवर जायला हवा. समजा ३६ पैकी ३३ वस्तू गेल्या आणि बोलींची बेरीज १,८४,००० झाली. दोघांनी पैसे दिले नाहीत, त्या वस्तू दुसऱ्या बोलीदारांना गेल्याने ४,५०० कमी आले: जमा १,७९,५००. कारागिरांचा मोबदला १४,००० दिला. पार्सलसाठी घेणाऱ्यांकडून वेगळे ६,२०० आले, खर्च ५,८५० झाला, उरलेले ३५० मदतीत. मदतनिधी १,६५,८५०. प्रत्येक आकडा असा वेगळा दाखवा, न आलेले पैसेसुद्धा. बोलींची बेरीजच "जमलेली रक्कम" म्हणून मिरवली, तर बँकेच्या आकड्याशी ती जुळत नाही, आणि एवढ्याशा फरकावरून वर्षभर कुजबुज चालते.

घेणाऱ्याला वस्तू क्रमांकासह विक्रीची पावती द्या, देणगीची नाही. खरेदीची बिलं, कडब्याच्या काट्याच्या पावत्या, धनादेशांचे क्रमांक ट्रस्टकडे फाइलमध्ये लावा. मदत घेणाऱ्यांचे हात जोडलेले फोटो टाकू नका, तसे फोटो देणाऱ्यांनी मागितले तरी. कडब्याची उतरलेली गंजी, गाळ काढलेली विहीर, दावणीला बांधलेली म्हैस यांचे फोटो पुरतात. बोलीदारांचे मोबाईल नंबर आणि पत्ते पाठवणी व तक्रारींची मुदत संपली की मूळ शीटमधून काढून टाका. पावत्यांपुरती नोंद तेवढी ट्रस्टच्या कपाटात राहू द्या.